काकांच्या स्पीकरचा पडदा

काकांच्या भाड्यानं द्यायच्या स्पीकरचा आतला कागदी पडदा मी दाढीच्या ब्लेडनं फाडला, आणि तोही नीट विचार करून. परवा पंक्चरच्या दुकानात सोल्युशनचा वास आला आणि सगळं आठवलं. ढाणकीत काकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. मी अकरावीत होतो आणि मोबाइलवर पाहून पॉप-पंकची, म्हणजे आरडाओरड्याच्या रॉकची गाणी गिटारवर बसवत होतो. कॉर्ड जमले होते, पण माझी गिटार भजनासारखी गोड वाजायची आणि त्या गाण्यांतली कशी चिडून खरखरायची! पूर्वी लोक त्यासाठी स्पीकरच फाडायचे, असं मी कुठंतरी वाचलं होतं. नेमका तोच स्पीकर दुसऱ्या दिवशी एका साक्षगंधाला जायचा होता. तापलेल्या ताडपत्र्यांचा वास भरलेल्या गोदामात काका पडदा चिकटवायला सोल्युशनची ट्यूब आणि कागदाचा तुकडा घेऊन आले. "काहून फाडला बे? उद्या लोकाईले काय सांगू?" मी माफी मागितली नाही. "आधी ऐका, मंग मारा," म्हणत गिटार जोडली आणि 'या गावात मला कोणी समजून घेत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी गाणं घसा ताणून पूर्ण म्हटलं. स्पीकर असा झकास खरखरला, की आज माझ्याकडं त्यासाठी गिटारला जोडायचं खास पेडल असूनही तो आवाज निघत नाही, हे मी कोणापुढंही छातीठोक सांगतो. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, शांतपणे ट्यूबचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "त्याच्यासाठी पडदा कायले फाडला बे? तुहा गळा त पयलेच फाटेल हाय."