मास्तरांचा एकशे ब्याऐंशीवा दिवस

स्वतःच्या घरी राहायला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. शिरड शहापूरचे हे टेलरमास्तर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे थोरले भाऊ. वीस वर्षांपासून मस्कतच्या एका दुकानात कात्री धरतात; ते आणि त्यांचा चुलतभाऊ, एकाच जागेवर आळीपाळीनं. एक तिथं असला की दुसरा गावी. मी हिंगोलीत लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. मास्तरांना गावातल्या गाळ्यांचं भाडं येतं, म्हणून त्यांचंही माझ्याकडेच. पहिल्याच वर्षी मी त्यांना नियम सांगितला: आर्थिक वर्षात भारतात एकशे ब्याऐंशी दिवस झाले की तुम्ही निवासी. त्याच्या आत राहिलात तर अनिवासी, मग कर फक्त इथल्या कमाईवर, मस्कतचा पगार सुटला. पुढचंही सांगायला तोंड उघडलं होतं, पण मास्तर तोवर चपला घालत होते. "एकशे ब्याऐंशी! बस, समजलं ताई."

तेव्हापासून दिवस मोजणं सुरू झालं, तेही टेलरच्या पद्धतीनं. अस्तराच्या कापडाची एक पट्टी. भारतातल्या प्रत्येक दिवसाला एक टाका. येण्याजाण्याचे दिवस लाल दोऱ्यानं. एकदा विमान मुंबईला रात्री पावणेबाराला उतरलं आणि मी तोही दिवस धरा म्हटलं. "पंधरा मिनिटांचा आख्खा दिवस? ह्ये माप कोण्या टेलरनं घेतलं?" मी पासपोर्टवरचे शिक्के पडताळले की ते दुखावायचे. "शिक्का पुसट ऱ्हातो ताई, टाका न्हाई." एवढं करूनही एकशे पंच्याहत्तराव्या दिवशी ते विमानात बसलेले असायचे. कापडात मार्जिन सोडतात तसे सात दिवस सोडलेले. सख्ख्या पुतण्याची शेरवानी त्यांनी शिवली, त्याच्या अंगावर चढवून पाहिली, बटणं पक्की केली आणि लग्नाच्या दिवशी स्वतः मुंबईच्या विमानतळावर, परतीच्या विमानासाठी. भाभी मला म्हणाल्या, "आमच्याकडं नवरा न्हाई, पाव्हणा येऊन राहिला. अन् पाव्हणा तरी जेवून जातो."

यंदा मार्चच्या सुरुवातीला मास्तर माझ्या ऑफिसात आले, तेव्हा पट्टीवर एकशे त्र्याहत्तर टाके होते. लेक पहिल्या बाळंतपणाला नांदेडहून माहेरी आलेली, डॉक्टरांनी दिलेली तारीख दोन आठवडे पुढची, आणि तिकीट परवाचं. "पोरगी रडून राहिली, ताई. म्हणती, अब्बा, थांबा. काही जुगाड हाय का?"

"जुगाड कशाला? थांबा की," मी म्हटलं. "मागच्या दहापैकी निदान नऊ वर्षं तुम्ही अनिवासी होता. यंदा दिवस ओलांडले तर निवासी ठराल, पण सामान्य निवासी नाही. मस्कतच्या पगारावर तरीही कर नाही. दर वर्षी चालणार नाही, दहा वर्षांत एखाद्या वेळी चालतं."

मास्तर खूश होतील असं मला वाटलं होतं. ते पट्टीची घडी घालत बसले.

"नवा नियम हाय का?"

"नाही. जुनाच."

"अब्बा गेले त्या सालीबी होता?"

"होता."

"त्यांच्या चाळीसाव्या दिवसाच्या फातिहाला आठच दिवस बाकी होते, अन् माझे एकशे पंच्याहत्तर भरले," ते म्हणाले. "अम्मी म्हणली, तू जा, आमी करतो सगळं."

तुम्ही पुढचं ऐकायला थांबला नाहीत, हे मला म्हणता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण त्या पहिल्या भेटीनंतर वीस वर्षं दर वर्षी ते समोर बसत होते, आणि मीही दिवस मोजून झाले की पुढची फाइल ओढत होते. मी चहा मागवला. त्यांनी तो प्यायला, तिकीट पुढं ढकलायला कुठं फोन करायचा ते विचारलं आणि बस गाठायला निघून गेले. नात झाली तेव्हा ते दवाखान्यातच होते.

आता परदेशातून आलेलं कुणी दिवस विचारायला आलं, तर नियम शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी त्याला खुर्चीवरून उठू देत नाही. बाई फार बोलते, असं लोक म्हणतात. म्हणोत.