जिन्यातली दोन वर्षं

"हार कुठायत?"

माझी पोरगी शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी पडलेली. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मी चमच्याचमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजतेय, आणि मुख्याध्यापिका बाई दारात उभं राहून विचारतायत, हार कुठायत. पाहुणे अर्ध्या तासात येणार होते.

पोरीला टाइप वन डायबेटिस आहे, पाच वर्षांची असल्यापासून. दिवसातून चारदा इन्सुलिन. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेततं. आम्ही यवतमाळकडचे, नवरा कारखान्यात, राहायला वारज्यात. सदाशिव पेठेतल्या या शाळेत पहिलीला नाव घालायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, ही शाळा आहे, दवाखाना नव्हे. घेऊ आम्ही. पण तुम्ही रोज इथं बसायचं, शाळा सुटेपर्यंत."

मी हात जोडले. खरंच जोडले! आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

दोन वर्षं जिन्यात बसले. आधी कुणीतरी म्हणालं, "बसल्याच आहात तर चहा टाकता का जरा?" टाकला. मग पालकसभेच्या सतरंज्या. मग कुठल्या पोराला उलटी झाली की फडकं घेऊन मीच. "चहा करून राहिले" असं तोंडातून गेलं की खोलीत हशा पिकायचा. "अहो, झाला का चहा करून राहून?" मीही हसायचे. हसायचे, काय करता! पोरीला काढून टाकतील, एवढी एकच धास्ती. बारावी शिकलेली बाई मी, त्या धास्तीनं पार मोलकरीण झाले, तीही बिनपगारी.

त्या दिवशी स्नेहसंमेलन. बाईंनी मला मंडईत पिटाळलं, हार आणि सुटी फुलं आणायला. निघताना वर्गशिक्षिकेला सांगितलं, "अकराला डबा खायला लावा, विसरू नका हं." नाचाची तालीम लांबली. डबा राहिला. पोरीनं सांगितलं, हात थरथरतायत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "आई येईलच इतक्यात, जा, तिकडे बस." दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची डबी होती. कुठं असते ते सगळ्यांना ठाऊक. कुणी हात लावला नाही. ते आईचं काम.

मी आले तेव्हा ती जिन्यात माझ्या जागेवर बसली होती. मला शोधत आली असेल. हाक मारली तर माझ्याकडे बघेना, ओळखेना. हार, फुलं तिथंच टाकली आणि तिला उचलून आत पळाले. ती जरा बोलायला लागली तेवढ्यात बाई दारात.

"हार जिन्यात पडलेत," मी म्हणाले. "जाऊन घ्या."

"काय ही भाषा! दोन वर्षं सांभाळून घेतलं तुम्हाला."

"कुणी सांभाळलं? चहा मी केला, घाण मी पुसली. माझ्या पोरीला एक चमचा ग्लुकोज द्यायला जमलं नाही तुम्हाला."

"मग दुसरी शाळा बघा."

"लेखी द्या. आजारी आहे म्हणून काढतो, असं लिहा. खाली सही, शिक्का."

एवढ्या शिकलेल्या बायका, एकीलाही पेन सापडेना. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. साखर कधी तपासायची, ग्लुकोज कधी द्यायचं, सगळं मराठीत. इन्सुलिन ती आता स्वतः टोचते, शेजारी मोठं माणूस उभं हवं. दोन शिक्षिकांनी एवढं शिकून घ्यावं. कारकून म्हणाला, "ठेवून जा." म्हटलं, पोच द्या. तासभर उभं ठेवलं त्यानं, मग मारला शिक्का.

बाईंनी आत बोलावून विचारलं, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

दोन वर्षं या प्रश्नाला मी मान खाली घालून 'मीच' म्हणत आले होते.

"शाळेच्या वेळात तुम्ही."

आजवर एकच शिक्षिका शिकल्यात. दुसऱ्या टाळतायत. दर सोमवारी मी नवा अर्ज देते, पोच घेते. पोरीला फाटकाशी सोडून परत फिरताना दोनदा मागे वळून बघते, रोज बघते. तरी आत जाऊन बसत नाही. ती दहावीपर्यंत याच शाळेत शिकणार. काढायची असेल तर कारण कागदावर लिहावं लागेल, खाली सही करून. त्या कागदाची मी वाट बघतेय.