भाकरीच्या मापाने दिल्ली

वाचकहो, जरा सावरून बसा, कारण एक अत्यंत गंभीर गोष्ट मी आज जाहीर करतो आहे. दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजणारे सगळे लोक आजवर चुकत आले आहेत. अंतर मोजण्याची खरी विद्या या जगात एकाच माणसाला अवगत होती आणि तो माणूस, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू.

भोकरदनला त्यांचं बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक कुठल्या गावचं, हे ते विचारत नसत. "वाटंत जेवले का?" एवढंच विचारत. वाटेत भाकरी सोडावी लागली तर गाव लांब, नुसत्या चहावर पोचलात तर जवळ. तिसरा प्रकार त्यांना मान्य नव्हता. थोरली लेक हसनाबादला दिली ती याच हिशोबाने. एकदा तिच्याकडे जाताना एस.टी. बंद पडली. दुपार टळली, सगळ्यांनी लिंबाखाली फडकी सोडली, बायको विनवू लागली, तरी हा माणूस पाठ करून उभा. म्हणे, "खाल्लं की पोरगी लांब जाती!" शेवटी जावयाच्या खांद्यावर भार टाकून घरात शिरले, पण हसनाबाद जवळच राहिलं.

धाकटीला परतूरच्या घरचं स्थळ आलं आणि पंचाईत झाली. मुलगा नोकरीला दिल्लीत. तो पाहून गेल्यापासून पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि दिल्लीला रेल्वेने जायचं तर दशम्यांचा डबाही पुरत नाही. साडूभाऊ नकार कळवायला निघाले.

"बाबा, विमानानं दोन तासांत जाता येतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"विमान काय तुह्या सासऱ्याचं हाय?" ते खेकसले. पण दुसऱ्याच दिवशी जालन्याला माझ्या दारात हजर. "पाव्हणे, मी इचार करून राह्यलो. खुद्द जाऊन पाहू. वाटंत जेवावं लागलं तर नकार, न्हाई तर होकार. खर्चा गेला चुलीत!"

औरंगाबादहून नुसत्या चहावर उडालो. त्या काळी विमानात सगळ्यांनाच जेवण देत, हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं. वाफाळत्या पुलावाचं ताट समोर आलं तसा साडूभाऊंचा चेहरा उतरला. हवाईसुंदरीला हात जोडून म्हणाले, "नको बाई, पोरीच्या लग्नाचा सवाल हाय." तिला ते कळलं नसावं. ती हसून पुन्हा ताट घेऊन आली. मी हळूच चमचा उचलला.

"ठिवा खाली! तुम्ही तिचे मावसे. तुमचं खाणं बी हिशोबात धरलं जाईल."

पलीकडचे गृहस्थ बोटं चाटत लोणचं खात होते. साडूभाऊंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. देवाकडे लेकीचं सुख मागत होते की पुलाव नजरेआड कर म्हणत होते, सांगता येत नाही.

मग खाली घरं दिसू लागली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. लेकी हाताच्या अंतरावर राहाव्यात म्हणून हा माणूस किती वर्षं भूक मारत आला होता, ते त्या पकडीत मला कळलं. चाकं जमिनीला टेकली. साडूभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विमान अजून धावतच होतं, आणि हा माणूस कमरेच्या पट्ट्यासकट उठायची धडपड करत ओरडला,

"ओ बाई, आणा आता ते ताट! दिली पोरगी दिल्लीला!"