मावसोबा आणि बत्तीस थांबे

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत आमच्या थोरल्या मावसोबांच्या तावडीतून सुटलेला माणूस असेलच, तर त्याला अजून दात यायचे असले पाहिजेत. सारं आयुष्य एस.टी.त कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले, आणि लोक उतारवयात देवाकडे वळतात तसे हे दातांकडे वळले. वाकून नमस्कार करावा आणि वर पाहावं, तर मावसोबा आपल्या चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे बघत असतात. "आ कर, माय," हाच त्यांचा आशीर्वाद. माझ्या साखरपुड्यात त्यांनी भरल्या मांडवात नवऱ्या मुलाला आ करायला लावलं. सासरच्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीतच असेल. बिचाऱ्या सासऱ्यांनी पाठोपाठ आपलंही तोंड उघडलं.

स्वतःच्या दातांना त्यांनी थांब्यांची नावं दिली आहेत. खालच्या रांगेत लातूरहून निघायचं, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायचं. "काल रात्री अहमदपूर लई ठणकलं," असं ते सकाळी सांगतात, तेव्हा नवखा माणूस पेपर उघडून बातमी शोधतो. अहमदपूरला कीड लागली होती, ती कोरून तिथे सिमेंट भरलं. अगदी टोकाची अक्कलदाढ म्हणजे देगलूर, राज्याच्या हद्दीवरचं गाव. "त्या रोडला ब्रशच पोचत न्हाई, मग दुसरं काय व्हनार!" असं म्हणून त्यांनी ती काढूनच टाकली. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत. ती कुणी बोलून दाखवली की मावसोबा पिसाळतात. "अरे, ते हलतच व्हते! किटनानं धरून ठिवले व्हते. चिखलात रुतलेली गाडी हलत न्हाई, म्हून काय तिला धडधाकट म्हनायचं?"

मी स्वतः दाताच्या डॉक्टरला यमाचा धाकटा भाऊ समजणाऱ्यांपैकी. दाढेखाली लवंग धरून मी दिवस ढकलत होते. गाल पुरीसारखा फुगला, तशी कुणीतरी चुगली केली आणि मावसोबा पहिल्या गाडीनं हजर झाले. मला जवळजवळ बखोटीला धरूनच त्यांनी दवाखान्यात नेलं. रूट कॅनाल म्हणजे काय, हे वाटेत त्यांनीच समजावलं. "दाढ काढायची न्हाई. आतली सडलेली नस तेवढी खाली उतरवायची, झाडून-पुसून घ्यायचं, भरायचं, आन वरून टप बसवायचा." टप म्हणजे कॅप, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं. डॉक्टरीणबाई उदगीरकडच्या, तरुण आणि हसऱ्या. मावसोबांनी त्यांनाही शिस्त लावलेली होती. तोंडात हत्यारं असताना पेशंट बोलणार कसा? म्हणून गाडीतल्या घंटीसारखं खुर्चीच्या हातावर एकदा ठोकलं की थांबा, दोनदा ठोकलं की जाऊ द्या. आता बाईंचे सगळेच पेशंट असे ठोकतात आणि बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत सुतारकाम चाललंय.

पण या सगळ्या वेडाचं मूळ घरातच होतं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात हापशाचा दांडा उसळून मावशीचे वरचे दोन पुढचे दात गेले. तेव्हापासून ती हसायची ती पदर तोंडाला लावून. घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणावर तरी रागावल्यासारखी ओठ मिटून उभी आहे. "मला मरायच्या आदी हिला तोंड उघडून हसताना बगायचंय. बास, दुसरं काय बी नको," हे मावसोबा मावशीसमोरच सांगायचे आणि ती उठून चुलीकडे जायची. त्यांनी तिला तिन्ही वाटा समजावल्या होत्या. रोज काढायची-घालायची कवळी, हाडात स्क्रू बसवून वर दात, नाहीतर बाजूच्या दोन दातांच्या आधारानं बसवलेला पूल. मावशीचं उत्तर एकच. "या वयात कुनाला दावायचंय? आन बाजूच्या चांगल्या दातांना म्हनं कानस लावतेत!"

मग मावसोबांनी आधी स्वतःच्या तोंडात पूल बांधला. देगलूरशिवाय मधलीही एक दाढ काढल्याची जागा रिकामी होती, शेजारचे दात तिच्याकडे कलायला लागलेत, असं बाई म्हणाल्या होत्या. हे त्यांना चटकन पटलं. "शीट मोकळं दिसलं की मानूस सरकतंच." पूल बसल्यावर ते रोज मावशीसमोर कडक भाकरी चावून दाखवायचे. "बग, काय बी दुखत न्हाई!" मावशी ढिम्म. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं 'काही नाही' म्हणजे किती असतं, हे चांगलं ठाऊक होतं. शेवटी एक दिवस ते थकून म्हणाले, "इंजेक्शनला दुखतंय, गं. मुंगळा डसल्यावानी. माझ्या डोळ्यात पानी आलं व्हतं." मावशीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मंग आदीच सांगायचं न्हाई का तसं?" दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून चपला घातल्या.

हिरड्या साफ झाल्या, मिसरी सुटली, आणि मग पुलाचा दिवस आला. सुई जवळ येताच मावशीनं खुर्चीवर एकदा ठोकलं. बाई थांबल्या. ज्या माणसानं जन्मभर "चला, चला, आवरा" याखेरीज काही म्हटलं नाही, तो तिचा हात धरून गप्प उभा होता. दाराशी उभ्या मला वाटलं, आता ही उठते. मावसोबांच्या कपाळावर घाम आला होता. बऱ्याच वेळानं दोन ठोके ऐकू आले, हलकेच.

दात बसले, छान बसले, पण पदर काही खाली येईना. हाताला सवयच तशी. मावसोबांचं विनोद सांगणं मात्र वाढलं, आणि ते सगळे विनोद आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेले होते.

यंदाच्या वेळ अमावास्येला, शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, आम्ही सगळे रेणापूरकडच्या शेतात जमलो होतो. कडब्याच्या कोपीत, त्या खोपटात, पांडवांची पूजा झाली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर आडवा हात मारून झाला. मावसोबा आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन ज्वारीला फेरी घालायला निघाले. ढेकळाला पाय अडला, मडकं फुटलं आणि सगळं आंबिल त्यांच्या डोक्यावरून मिशीत उतरलं. आणि मावशी हसली. आवरता आवरता दोन्ही हात भज्जीनं भरलेले, पदर खांद्यावर. चांगलं खदाखदा, मधेच उचकी लागल्यासारखं हसू. आमच्यापैकी कुणीच ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

मावसोबा ढेकळात बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिले. "अगं, आवाज बी हाय की तुझ्या हसन्याला! इतकी वर्सं कुठं व्हता हा?"

मावशीनं कोपरानं डोळे पुसले. "घरीच व्हता," ती म्हणाली. "तुमीच गाडीवर व्हता."

मावसोबांना उठवायला आम्ही हात पुढे केला, तरी आंबिलानं माखलेला तो माणूस तिच्याकडे बघत तसाच बसून होता, आणि कितीतरी वेळ उठलाच नाही.