तू का बे?

भुताखेतांच्या गोष्टी लोक सांगतात तेव्हा मी मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो. धंदाच तसा होता माझा. बालाघाटला स्टेशन रोडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमचं. मधूनच एखादं गिऱ्हाईक दबक्या आवाजात सांगायचं, "मिस्त्री, या डब्यात कोनीतरी बोलते." उघडून पाहावं तर आत पाल, झुरळं, नाहीतर उंदरानं कुरतडलेली वायर! त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतंय. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं, मीही असाच हसत आलोय.

साठच्या दशकाचा शेवट असेल. दुकान माझं आणि दिनकरचं, भागीदारीत. मी मूळचा साताऱ्याकडचा, वडिलांच्या जंगल खात्यातल्या नोकरीमुळे इकडे येऊन पडलेला. दिनकर तुमसरकडचा, पक्का झाडीपट्टीतला माणूस. मी "हो" म्हटलं की तो टर उडवायचा. "हो काय बे? जोर लावून हौ म्हन. पोटातून निंगाले पायजे!" जन्मभर राहिलो इथे, पण ते 'हौ' काही माझ्या तोंडात बसलं नाही.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. बिघडलेल्या सेटचे काचेचे व्हॉल्व्ह तो पेन्सिलीनं ठोकायचा. हे सगळेच मेकॅनिक करतात... खराब व्हॉल्व्हला टिचकी लागली की स्पीकर खरखरतो, चोर सापडतो. पण दिनकर प्रत्येकाला ठोकताना विचारायचा, "तू का बे?" पुढच्याला, "तू का बे?" आणि स्पीकर खरखरला की स्वतःच उत्तर द्यायचा, "हौऽऽ". शेवट लांबवून, अगदी कबुली दिल्यासारखा. दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसायची.

त्याची पोरगी कुसुम. तिला स्टील गिटारचं वेड... मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवतात ती. दिनकरनं भंगारातल्या सिनेमा मशीनचे भाग जमवून तिच्यासाठी अँप्लिफायर बांधला, सागवानी पेटीत बसवला. आणि पुढच्याच पावसाळ्यात मेंदूज्वरानं आठ दिवसांत गेला. मी खचलो. दुकानात दुसरं स्टूल आजही त्याचंच आहे.

दोनेक वर्षं पेटी झाकून होती. मग दिवाळीनंतर कटंगीच्या मंडईत... आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, दुपारपासून दंडारीचे नाट्यखेळ, नाचगाणी... तिथं कुसुमला वाजवायला बोलावलं. तिची आई नाहीच म्हणत होती. "बापाचा डब्बा हाये भाऊजी, त्याच्यासंगं गेला असं समजा." पण कुसुम ऐकेना. लोकांसमोर बाबांच्या मशीनवर एकदा तरी वाजवायचंच, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी मी वहिनींना शब्द दिला, पोरीला नेतो तशी आणून सोडतो.

पेटी दुकानात तपासली. एक व्हॉल्व्ह बदलला, सगळं झकास. छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीनं आम्ही कटंगीला पोचलो.

मंडप शाळेच्या पटांगणात. सकाळीच शेणानं सारवलेलं, धूळ उडू नये म्हणून वर पाणी शिंपडलेलं. खांबावरून ओढलेली वायर, दोन पिनांचा सॉकेट. मी गिटार पेटीला जोडली, प्लग लावला. व्हॉल्व्ह तांबडे झाले, स्पीकरमधून बारीक घूंऽऽ सुरू झालं. म्हणजे मशीन जिवंत. मी उभ्याउभ्याच एक तार छेडली. सणसणीत वाजली.

कुसुम आली. तिनं चपला बाजूला काढल्या, वाद्याला नमस्कार केला, खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घ्यायला हात पुढे केला... आणि घूं थांबलं.

एकदम. कोणी तोंडावर हात ठेवावा तसं.

व्हॉल्व्ह पेटलेले होते. करंट होता. मी तिला उठवलं आणि वाकून पाहिलं, तर घूं परत सुरू! तार छेडली, वाजली. ती पुन्हा येऊन बसली. हात पुढे... बंद.

लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "अरे मिस्त्री, मशीन शरमा रही है क्या?" मंडईचे पाटील घाम पुसत आले. "मिस्त्री, दंडारवाले कवाचे तयार हायेत. पोरीले उतरवा आता."

"पाच मिनिटं थांबा हो पाटील."

"पाच झाले की तुमचे!"

कुसुमच्या डोळ्यांत पाणी. "काका, माह्याच हातानं काहून बंद पडून राह्यलं?"

"थर्मल लूज असेल कुठं. गरम झालं की सुटत असेल," मी ठोकून दिलं. मला स्वतःला ते पटत नव्हतं. मी चिडलोही होतो. पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेला मेकॅनिक, आणि शंभर लोकांसमोर एक पेटी माझी शोभा करतेय!

तिसऱ्यांदाही तेच. या वेळी कुसुम दात-ओठ खात म्हणाली, "वाजो नाहीतर न वाजो, मी हात लावतोच आता."

"थांब!" मी ओरडलो. का ओरडलो ते आजही सांगता येत नाही. प्लग उपटला, डाव्या हातात धरला आणि मागची फळी उघडली. तारा कुठं सुटल्यात का पाहिलं, सगळे जोड ठाकठीक. व्हॉल्व्ह थंड व्हायला लागले, तांबडेपणा गेला. तरी पाहत बसलो. काहीच सुचेना, तेव्हा खिशातली पेन्सिल काढली. बंद मशीनचे व्हॉल्व्ह ठोकून काही कळत नसतं, हे मला माहीत होतं. पण हात रिकामे ठेवले असते तर पाटलांनी तिला उठवलं असतं. आणि तोंडातून आपोआप दिनकरचे शब्द निघाले.

"तू का बे?"

गप्प.

"तू का बे?"

गप्प. तिसऱ्याला ठोकायला गेलो तर पेन्सिल घसरली आणि खाली मेनच्या वायरीजवळच्या कंडेन्सरला लागली. ती एक मेण लावलेली छोटी नळकांडी असते.

"तू का बे?"

"हौऽऽ."

स्पीकरमधून. शेवट लांबवून.

प्लग माझ्या हातात होता. डाव्या मुठीत दोन्ही पिना रुतत होत्या. पेन्सिल कुठं पडली ते कळलंच नाही.

"काका, कोन हौ म्हनलं?" खुर्चीवरून कुसुमनं विचारलं.

"मीच म्हणालो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग त्या कंडेन्सरकडे नीट पाहिलं. बाजूनं फुगलेला, मेण वितळलेलं. मी कुसुमला दूर उभं केलं, प्लग पुन्हा तसाच लावला आणि टेस्टर गिटारच्या तारेला टेकवला. टेस्टर लख्ख पेटला.

तारांत मेनचा करंट उतरला होता. कंडेन्सर आतून फुटून पेटीतल्या पत्र्यात आणि त्याला जोडलेल्या गिटारच्या तारांत करंट सोडून बसला होता. दुकानात दोन पिनांचा प्लग उलटा लागला असणार, म्हणून तिथं कळलं नाही. मंडपात मी रबरी चपला घालून तार छेडली, म्हणून वाचलो. आणि कुसुम... वाद्याला नमस्कार करायचा म्हणून अनवाणी. पायाखाली ओलं सारवण. हातात लोखंडी कांडी. एकदा तारेला हात लागला असता तर तो सुटलाच नसता. वहिनींना दिलेला शब्द आठवला.

प्लग काढून कंडेन्सर पकडीनं कापून टाकला. प्लग दोन्ही बाजूंनी फिरवून लावला, टेस्टर काळा. तरी कुसुमच्या पायाखाली मी लाकडी पाट सरकवला. ती बसली, हात पुढे केला. घूं चालूच राहिलं. ती वाजवायला लागली, आणि कोलाहल करणारी मंडई हळूहळू शांत झाली. मी पेटीमागे बसून डोळे पुसत होतो.

आता जाणकार म्हणतील, कंडेन्सर खराब, म्हणून आवाज जात होता. नाही हो! त्या कंडेन्सरचा आवाजाशी काडीचा संबंध नसतो. तो फुटला तरी मशीन खणखणीत वाजतं, तीच तर त्याची भीती. ते गप्प का होत होतं, ते नंतर अख्खी पेटी सुटी करूनही मला सापडलं नाही. राहिलं ते 'हौ'. एखादं स्टेशन पकडलं असेल? प्लग हातात असताना? सगळं विचारून झालं स्वतःला.

कुसुमला मी कधी काही बोललो नाही. ती लग्न होऊन रामपायलीला गेली, पोरंबाळं झाली. मागच्या वर्षी भेटायला आली, तेव्हा त्या रिकाम्या स्टुलावर बसून पेटीवरून हात फिरवत होती. अचानक म्हणाली, "काका, त्या दिसी हौ तुमी नोहते म्हनले."

"मीच म्हणालो होतो की."

ती हसली. "तुमी आयुष्यात कधी हौ म्हनले का? मले तवाच समजलं होतं. म्हनूनच तर भेव वाटलं नाही वाजवाले." मग हळूच, "बाबाच होते ना, काका?"

आजवर असं विचारणाऱ्या प्रत्येक माणसाला मी सांगत आलो, पाल असेल, झुरळ असेल. तेच सांगायला तोंड उघडलं. आणि निघालं ते पोटातून निघालं.

"हौ."