यादोरावांची सुई

दवनीवाड्याच्या यादोरावांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. बाप मोहाच्या दारूनं गेला होता. त्यामुळे बुद्धविहारात वंदना घेताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज जरा चढायचाच. गावातले पिणारे तेव्हा खाली बघायचे.

पन्नाशीत त्यांना साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई टोचली की जेवण टाळायचं नाही. ही सुई रक्तातली साखर उतरवते, आणि मेंदू त्याच साखरेवर चालतो.

एका पौर्णिमेला विहारातला कार्यक्रम लांबला. सुई घेऊन झालेली, जेवण मात्र भाषणांनंतर. वंदना घेता घेता यादोरावांची जीभ जड झाली, घाम फुटला, पाय लटपटले.

"काऊन जी भाऊ, सकारीच घेऊन आले का?" शेजारी बसलेला बकाराम म्हणाला. यादोरावांनी त्याच्यावर हात उगारला. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली. बायको अंजना धावत आली, तिनं पदराला बांधून ठेवलेली साखर त्यांच्या तोंडात घातली. थोड्या वेळानं ते भानावर आले.

अंजनानं घरोघरी जाऊन खरं काय ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या गावाची तऱ्हाच अशी, माणूस प्यायलेला आहे हे लगेच पटतं, आजारी आहे म्हटलं की पुरावा मागतात. मला त्या माना आठवल्या की अजून चीड येते.

यादोराव कुणावर चिडले नाहीत. वंदनाही सोडली नाही. सुई तेवढी सोडली, आधी वंदनेच्या दिवशी, मग रोजचीच. स्वतःच टोचत, त्यामुळे अंजनाला पत्ता नव्हता. सुईवाचून साखर अंगी लागेना, नुसती रक्तात साचली. माणूस वाळला, घटाघटा पाणी पिऊ लागला. पाय तर साखरेनं आधीच बधिर झाले होते. धानाच्या बांधीत चालताना धसकट तळव्यात घुसलं, तेही कळलं नाही. जखम चिघळली, गोंदियाच्या दवाखान्यात पायाची दोन बोटं काढावी लागली.

खाटेशी बसून अंजनानं विचारलं, "सुई कायले सोडली जी? गावासाठी?"

"गावाचं का घेऊन बसली," यादोराव छताकडे बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "त्या दिवसाचं मले काही आठवत नाही. येवढंच आठवते. साखर द्याच्या आधी तू माह्या तोंडाचा वास घेतला."

अंजनानं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. घेतला होता.