उतरलेला विंचू

बीपीची गोळी मी रोज सकाळी चहाआधी घेते. सून म्हणते, "आई, गोळी हातात धरून कुठं हरवता तुम्ही?" मी म्हणते, वय झालं बापा. खरं काय ते तिला सांगत बसत नाही.

आमचं शेत सौंसरच्या अलीकडं. कापसाची पहिली वेचणी म्हटली की आधी सीतादही. बांधावर गोटे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, मगच बायांनी बोंडाला हात लावायचा. नागपूर आपल्या प्रांतातून चाललं, आपण मध्यप्रदेशातच राहणार, याचीच बोलणी छप्पन साली, राज्यं नव्यानं आखली तेव्हा, घरोघरी होती. बाबा नुसते धुसफुसत. ताई मात्र हसायची. "नागपूर काय उठून पळून राहिलं? मी तं जाईनच तिथं, मास्तरीण व्हायले." तोंडाची तिखट, मला उठताबसता 'रडूबाई' म्हणणारी माझी मोठी बहीण.

गोटे वेचायला तीच पुढं झाली. एका गोट्याखाली लालसर, बारका विंचू होता. बोटाला नांगी लागली तशी ती बांधावरच बसली. गावातला विंचू उतरवणारा आला आणि लिंबाचा डहाळा तिच्या खांद्यापासून बोटापर्यंत फिरवत राहिला. आमच्याकडं सगळ्यांचं ध्यान दुखण्यावर. कळ खांद्यातून कोपरात, कोपरातून बोटात आली की विंचू उतरला. दुपारपर्यंत ताईची कळ बोटात आली. "आता बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. मायनं हात जोडले आणि बाया कापसाकडं वळल्या.

मी तिच्यापाशी बसून होते. हात गार, पोलकं घामानं ओलंचिंब. "माझं काळीज काहून इतकं धावून राहिलं वं?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, भ्याली ती, होईल नीट. दिवस कलायच्या आत तिला दम लागला, तोंडाला फेस आला. बैलगाडीतून सौंसरला नेली. नागपूरची बस उभी होती, पण ताई राहिली नव्हती.

काळजाला काय झालं होतं, ते गेल्या वर्षी माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. विंचवाच्या विषात प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. ते पेशींची दारं लागूच देत नाहीत, मग काळजाला 'धाव, धाव' असा निरोप जातच राहतो. कळ उतरली तरी निरोप थांबत नाही. "तुमची हीच गोळी आता विंचू चावल्यावर देतात," त्या म्हणाल्या, "वेळेवर दिली तर माणूस वाचतं." अशी चीड आली मला, अन् कोणावर काढावी तेही कळेना. तेव्हा ही गोळी होती कुठं?

ताईची फार आठवण येते. माझ्या नातीच्या वयाची राहिली ती. रोज सकाळी गोळी तळहातावर घेतली की वाटतं, बांधावर जावं, तिचा गार हात ओढून त्यावर ही ठेवावी आणि म्हणावं, गिळ लवकर. तिनं डोळे वटारावेत, 'रडूबाई, तुले काय झालं?' असं विचारावं. मी जरा वेळ वाट पाहते. मग चहा निवतो म्हणून सून हाक मारते, अन् ताईची गोळी मी गिळून टाकते.